हरवलेल्या भावाचा शोध : इयत्ता चौथीसाठी एका कथेचा पाठ

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात गोष्टीचा तास असतो. परंतु कित्येक शाळांत तो उरलेल्या वेळेचा तास होऊन बसतो. गणिताचा स्वाध्याय लवकर आटोपला, किंवा पाऊस आला म्हणून खेळ राहिला, की गोष्ट सांगावयाची, असा प्रघात पडून जातो. अशा वेळी सांगितलेली गोष्ट मुलांना आवडत नाही असे नाही. पण तिची पूर्वतयारी झालेली नसते, आणि जिच्यातून पुष्कळ काही निघावयाचे ती गोष्ट ‘तात्पर्य काय?’ या एका प्रश्नावर संपते. प्रस्तुत लेखात एक अद्भुत कथा पाठ म्हणून घेतली आहे. ती निवडण्याचे कारण असे की, तिच्यातील चेटकीण व उडते हंस कितीही दूरचे असले, तरी तिच्यातील संकट मुलांच्या अगदी घरातले आहे. लहान भाऊ सांभाळावयास दिला होता आणि तो हरवला.

हरवलेल्या भावंडाला सोडवून आणण्याच्या कथा अनेक देशांत आहेत. ग्रिम बंधूंच्या संग्रहात सात भाऊ डोमकावळे होतात आणि बहीण त्यांना शोधीत काचेच्या डोंगरापर्यंत जाते. डॅनिश लेखक अँडरसन याच्या १८३८ सालच्या एका कथेत अकरा भाऊ हंस होतात, आणि त्यांच्यासाठी बहीण अंगाची आग करणाऱ्या झुडपाच्या धाग्यांचे सदरे मुक्याने विणीत बसते. बंगालीत दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ‘ठाकुरमार झुली’ या १९०७ सालच्या संग्रहातील सात भाऊ चाफ्याची फुले झालेले असून त्यांची बहीण पारुल आहे. या सर्व कथा सुंदर आहेत. परंतु त्यांत संकट येते ते दुसऱ्या कोणाच्या शापाने किंवा मत्सराने. बहिणीच्या हातून चूक झालेली नसते. येथे निवडलेल्या रशियन लोककथेत मात्र ती झालेली आहे, आणि इयत्ता चौथीच्या मुलांशी बोलावयाचे ते नेमके याच ठिकाणी.

ही कथा अलेक्सांद्र अफानास्येव या संग्राहकाने १८५५ ते १८६३ या काळात प्रसिद्ध केलेल्या रशियन लोककथांच्या मोठ्या संग्रहात आहे. पुढे विसाव्या शतकात अलेक्सेय टॉलस्टॉय यांनी ती मुलांसाठी पुन्हा सांगितली. (‘युद्ध आणि शांती’चे कर्ते लेव टॉलस्टॉय ते निराळे, वर्गात ही गल्लत होऊ देऊ नये.) दोन्ही पाठांत थोडा फरक आहे. तो कोठे, हे पुढे ओघाने येईलच. प्रथम कथा.

एका गावात एक जोडपे राहत असे. त्यांना एक मुलगी व एक अगदी लहान मुलगा होता. एके दिवशी आईबाप कामाला निघाले. जाताना आईने मुलीला बजावले की, भावाला सांभाळ, अंगणाबाहेर जाऊ नकोस. शहाण्यासारखी वागलीस तर तुला खाऊ आणू, रुमाल आणू. आईबाप दृष्टिआड झाले आणि मुलगी ते विसरली. भावाला तिने खिडकीखाली गवतावर बसविले आणि स्वतः रस्त्यावर खेळावयास पळाली. खेळता खेळता वेळ किती गेला हे तिच्या ध्यानात आले नाही. इकडे हंसांचा थवा खाली आला आणि मुलाला पंखांवर उचलून घेऊन गेला.

मुलगी परत आली तो गवत रिकामे. तिने हाका मारल्या, रडली, घराचे कोपरे न् कोपरे पाहिले. मग ती मोकळ्या शेतात धावली. दूर आकाशात हंस क्षणभर दिसले आणि काळ्या रानामागे नाहीसे झाले. हे हंस लहान मुले पळवितात असा त्यांचा फार दिवसांचा लौकिक होता. झाले ते तिला उमजले, आणि ती त्यांच्यामागे निघाली.

वाटेत एक भट्टी उभी होती. हंस कोणीकडे गेले, असे मुलीने तिला विचारले. भट्टी म्हणाली की, आधी माझी राईच्या पिठाची भाकर खा, मग सांगते. आपल्या बापाच्या घरी गव्हाचेसुद्धा कोणी तोंडात घालीत नाही, अशी मुलीने ऐट केली आणि ती पुढे पळाली. भट्टीने काही सांगितले नाही. पुढे रानसफरचंदाचे झाड आले. त्याने आपले आंबट फळ देऊ केले. मुलीने तीच ऐट केली आणि झाडानेही काही सांगितले नाही. त्यापुढे दुधाची नदी आली. तिचे काठ दाट आंबिलीचे होते. नदीने आंबील व दूध देऊ केले. मुलीने सायीचा तोरा मिरविला. नदीही गप्प राहिली.

ती रानोमाळ भटकतच राहिली असती. पण तिला एक साळू भेटला. त्याला पायाने ढकलावे असे तिच्या मनात आले होते. काटे टोचतील म्हणून तिने तसे केले नाही, वाट मात्र विचारली. साळूने दिशा दाखविली. तेथे कोंबडीच्या पायांवर उभी असलेली आणि आपल्याभोवती गिरक्या घेणारी एक झोपडी होती. आत यागा नावाची म्हातारी चेटकीण बसली होती. आणि बाकावर तो लहान भाऊ सोन्याच्या सफरचंदांशी खेळत होता.

बहिणीने हळूच आत शिरून त्याला उचलले आणि ती पळत सुटली. हंस मागे लागले. नदी आली. मुलीने लपविण्याची विनवणी केली. नदीने पुन्हा तेच म्हटले. मुलीने आंबील खाल्ली आणि नदीने दोघांना काठाखाली घेतले. हंस वरून निघून गेले. पुढे ते पुन्हा आले, तेव्हा झाडाशी तेच झाले. आंबट फळ खाल्ले आणि फांद्यापानांनी दोघे झाकली गेली. शेवटी भट्टी. मुलीने राईची भाकर तोंडात कोंबली आणि भावाला घेऊन ती भट्टीच्या तोंडात जाऊन बसली. हंस ओरडत घिरट्या घालून रिकाम्या पंखांनी परत गेले. दोघे भावंडे घरी पोचली, आणि थोड्याच वेळात आईबाप आले.

कथा एवढीच आहे. सांगावयास पंधरा ते वीस मिनिटे पुरतात.

पूर्वतयारीत शिक्षकाने काही वस्तू स्वतःच्या मनाशी स्पष्ट करून घ्याव्यात. रशियन भट्टी म्हणजे आपली चूल नव्हे. ती विटांची बांधलेली, खोलीचा मोठा भाग व्यापणारी असते. थंडीत तिच्या माथ्यावर माणसे झोपत, आणि कोठे कोठे तिच्या पोटात बसून अंग शेकून स्नानही करीत. हे सांगितले म्हणजे दोन मुले तिच्या तोंडात बसली कशी, हा प्रश्न उरत नाही. न सांगितल्यास वर्गातील एखादा हुशार मुलगा तो विचारल्यावाचून राहणार नाही, आणि तोही नेमका हंस घिरट्या घालीत असताना. राई म्हणजे येथे मोहरी नव्हे, हेही आधीच सांगावे. ते थंड मुलखातील एक काळसर, भरड धान्य आहे. राईची भाकर आणि गव्हाची पोळी यांतला फरक मुलांना शिकवावा लागत नाही. ज्या घरात नाचणी किंवा बाजरी रोजची आणि गहू सणाचा, तेथील मुलाला मुलीची ऐट तत्काळ कळते. कथेत मात्र राईच्या जागी बाजरी घालू नये. परक्या मुलखातील परकेपणा हा कथेचा अर्धा आनंद आहे. तुलना गोष्टीच्या आधी करावी, गोष्टीत नव्हे. आंबीलही अशीच : ती ओटाची, इतकी दाट की चमच्याऐवजी सुरी चालावी. दुधाची नदी आणि आंबिलीचे काठ ही रशियन लोककल्पनेतील समृद्धीची खूण आहे.

हंसांविषयी थोडे. मूळ कथेच्या नावात हंस आणि राजहंस अशा दोन पक्ष्यांची नावे जोडलेली आहेत. ज्या शाळा मोठ्या जलाशयांजवळ आहेत तेथील मुलांनी हिवाळ्यात तिबेट-मंगोलियाकडून येणारे पट्टकादंब पाहिलेले असण्याचा संभव आहे. लांब मान, पंखांचा मोठा विस्तार, आकाशात बाणाच्या टोकासारखी रांग, हे त्यांना आठवावयास सांगावे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी फळ्यावर चार रेषा पुरेत.

चेटकिणीचे नाव रशियनमध्ये ‘बाबा यागा’ असे आहे. तेथे ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई. मराठी मुलाच्या कानाला बाबा म्हणजे बाप, किंवा गावातील साधू. तेव्हा ‘यागा म्हातारी’ असे म्हणणे सोयीचे. ‘डाकीण’ हा शब्द मात्र कटाक्षाने टाळावा. महाराष्ट्राच्या काही भागांत या एका शब्दापायी खऱ्याखुऱ्या वृद्ध स्त्रियांना मारहाण व बहिष्कार सोसावा लागला आहे, आणि जादूटोण्याच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. कोंबडीच्या पायांवरील झोपडीत राहणारी म्हातारी गोष्टीतच राहिली पाहिजे. ती गावाच्या कडेच्या घरात उतरता कामा नये.

आता कथनाविषयी. ही कथा वाचून दाखवू नये, सांगावी. भट्टी, झाड, नदी या तीन ठिकाणी जवळजवळ एकच संवाद होतो, आणि शिक्षकाने तो प्रत्येक वेळी त्याच शब्दांत म्हणावा. नवशिक्या शिक्षकाला येथे कंटाळा येईल अशी भीती वाटते व तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ‘तसेच झाले’ असे म्हणून पुढे सरकतो. वरील टाचणात जागेसाठी तसे केले आहे. वर्गात करू नये. पुनरुक्ती ही लोककथेची आडकाठी नसून तिचा जिना आहे. तिसऱ्या वेळी मुले आपण होऊन शिक्षकाच्या बरोबर बोलू लागतात, आणि तेव्हा शिक्षकाने आवाज उतरवून त्यांना बोलू द्यावे. परतीच्या वाटेवर क्रम उलटा होतो : आधी नदी, मग झाड, मग भट्टी. हे मुलांना सांगून टाकू नये. नदी ओलांडल्यावर क्षणभर थांबावे. आता काय येणार, हे वर्गच सांगेल.

कथन मध्येच तोडू नये. कथा दोन तासांवर विभागण्याचा मोह पडतो, आणि झोपडीत शिरण्याचा क्षण त्यासाठी आयता दिसतो. द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या शेजारीच पहिली-दुसरीची मुले बसलेली असतात. त्यांनी भावाला चेटकिणीच्या झोपडीत ठेवून घरी जाणे बरे नव्हे. पहिल्या तासात कथा पुरी व्हावी, दुसऱ्या तासात काम.

त्या कामाचा आरंभ क्रमाने करावा. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली लोककथांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. अद्भुत कथांतील घटना ३१ प्रकारच्या असून त्या ठराविक क्रमानेच येतात, असा त्याचा सिद्धान्त आहे. आणि त्याने नमुन्यादाखल उलगडून दाखविलेल्या कथांत हीच हंसांची कथा आहे. मोठी माणसे घरातून जातात, एक गोष्ट करू नको म्हणून सांगितले जाते, ती केली जाते, मग अनर्थ. पुढे परीक्षा, साहाय्य, पाठलाग, सुटका. प्रॉपची परिभाषा मुलांपुढे मांडावयाची नाही. पण शिक्षकाला हा सांगाडा माहीत असला तर फळ्यावर घटनांची वाट काढणे सुकर होते. शाळेसमोर जागा असल्यास ती वाट फक्कीने मैदानावर आखावी. तीन मुले भट्टी, झाड व नदी व्हावीत, आणि उरलेल्यांनी आळीपाळीने जाण्याचा व येण्याचा मार्ग तोंडाने बोलत चालावा. जे मूल लेखनात मागे असते ते येथे पुष्कळदा पुढे येते.

प्रश्न थोडे असावेत. ‘जाताना मुलीने भाकर का खाल्ली नाही?’ हा त्यांतला मुख्य. कोणी म्हणेल, तिला गर्व होता. कोणी म्हणेल, घाई होती. एखादे मूल म्हणेल, तिला भूकच नव्हती, रडू येत असताना खाववत नाही. शेवटचे उत्तर कथेच्या शब्दांत नाही. पण ते देणाऱ्याने मुलीला आतून पाहिले आहे. शिक्षकाने यांतले एक बरोबर व दुसरी चूक असे ठरवू नये. दुसरा प्रश्न भावाविषयी करता येईल. तो रडत नाही, सोन्याच्या सफरचंदांशी खेळतो आहे. त्याला आपण हरवलो हे ठाऊक होते काय? या प्रश्नावर वर्ग बराच वेळ बोलतो.

एक प्रश्न मात्र करू नये, आणि तोच सर्वांत आधी ओठावर येतो : ‘चूक कोणाची?’ त्याचे उत्तर मुलांना पाठ असते. मुलीची, तिने आईचे ऐकले नाही. हे उत्तर मिळाले की शिक्षकाचे समाधान होते, आणि कथेचा जीव जातो. कारण कथा तेथे संपत नाही, तेथे ती सुरू होते. पायांनी धावून, नाकारलेले भरड अन्न गिळून, ज्यांना उडवून लावले त्यांच्याच दाराशी पुन्हा जाऊन ती मुलगी भावाला परत आणते. हंसांशी लढण्याचे बळ तिच्यापाशी नाही, मंत्र नाही, तलवार नाही. अलेक्सेय टॉलस्टॉय यांच्या पाठात साळूऐवजी एक उंदीर येतो. झोपडीत सूत कातावयास बसविलेल्या मुलीकडून तो खीर मागून घेतो आणि तिच्या जागी बसून तिला पळू देतो. तेथेही मदत मिळते ती काही दिल्यामुळे. लहान वर्गाला हा पाठ अधिक रुचतो. अफानास्येवचा अधिक उघडा-बोडका आहे, आणि चौथीला तोच द्यावा.

‘चूक कोणाची?’ हा प्रश्न टाळण्याचे याहून मोठे कारण वर्गातच बसलेले असते. हजेरीपटावर ज्या मुलींच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा आहेत, त्यांतील कित्येक घरी लहान भावंड सांभाळीत असतात. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गेलेल्या मुलीच्या वाट्याला कोपीवर हेच काम येते. आई कोयता घेऊन फडात, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचे मूल. तिच्या दृष्टीने ही परीकथा नाही. खेळावयास जावेसे वाटणे, आणि गेल्यावर पोटात गोळा येणे, हे दोन्ही तिला ठाऊक असते. भर वर्गात चूक मुलीची, असे पन्नास मुखांनी घोषित झाले, तर ते तिच्याविषयीच बोलले गेले असे ती समजेल. कथेकडे नीट पाहिले तर ती कोणालाच शिक्षा करीत नाही. कामावर जाणाऱ्या आईलाही नाही.

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या बाजूने शोधण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी विकासवाडी चालविली. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होती. हेतू सरळ होता : मुलगी शाळेत येत नाही कारण कडेवर भावंड आहे, तर भावंडालाही घेऊन यावे, ते शेजारच्या खोलीत सुरक्षित आहे हे दिसत राहिले की मोठी निश्चिंतपणे पाटीवर लिहील. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. तथापि तेथील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांवरील बालकांसाठी आहे, आणि कडेवरचे मूल बहुधा त्याहून लहान असते. तेव्हा एखादी मुलगी भावाला घेऊनच वर्गात आली, तर गोष्टीच्या तासापुरते तरी तिला परत पाठवू नये. मूल रडेल, कथनात व्यत्यय येईल, येऊ द्यावा.

आणखी एक सावधगिरी. वर्गातील कोणाच्या घरी नुकतेच लहान भावंड दगावले असेल किंवा खरोखरच हरवले असेल, तर या वर्षी ही कथा त्या वर्गात घेऊ नये. तिच्यात भाऊ परत येतो. ज्याचा आला नाही त्याच्यापुढे ती सांगणे म्हणजे नकळत त्याला विचारणे होय की, तू का धावला नाहीस. शिक्षकाने गाव ओळखले असले की हे त्याला आपोआप कळते. नवीन बदलून आलेल्याने सहकाऱ्याला विचारून घ्यावे.

दुसऱ्या तासाच्या शेवटी लेखन. कथेचा सारांश लिहावयास सांगू नये. तो सर्वांचा सारखा येतो. अफानास्येवच्या पाठात भावंडे घरी पोचतात, आईबाप येतात, आणि कथा तेथेच थांबते. आईने काही विचारले की नाही, मुलीने काही सांगितले की नाही, रुमाल मिळाला की नाही, यांविषयी एक अक्षर नाही. ही मोकळी जागा मुलांना द्यावी : आईबाप परत आल्यावर घरात काय झाले, ते पाच-सहा ओळींत लिहा. काहींची मुलगी सर्व सांगून टाकील, काहींची गप्प राहील, काहींचा लहान भाऊच बोबड्या बोलांत सोन्याच्या सफरचंदांविषयी सांगू लागेल. ज्याला लिहिता येत नाही त्याने शिक्षकाच्या कानात सांगावे आणि शिक्षकाने ते त्याच्या वहीत उतरून द्यावे. या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना तांबडी शाई लावू नये; त्या वेगळ्या टिपून शुद्धलेखनाच्या तासाला घ्याव्यात. एखाद्या मुलीने पान कोरेच ठेवले, तर तिला कारण विचारू नये, आणि ती वही सर्वांबरोबर तपासून सर्वांबरोबरच परत द्यावी.